दंडाचं लुगडं

लुगडं विरतं ते मधे. पदर टिकतो, काठ टिकतात, पण बसण्या-उठण्याचा भाग उन्हात धरला तर पलीकडचं माणूस ओळखू यावं इतका पातळ होतो. मग बाई ते जमिनीवर अंथरते. विरलेला भाग कापून टाकते आणि राहिलेली दोन टोकं एकमेकांना जोडते. लांबी कमी पडली तर दुसऱ्या जुन्या लुगड्याचा धड तुकडा घेते. त्या जोडाला दंड म्हणतात.

दंड घालणं गावातल्या सगळ्या बायांना येत होतं. दंड लपवणं एकट्या बायनाबाईला येत होतं.

तिचा हात बारीक होता. नेसणारीला समोर उभं करून ती आधी लुगडं अंगावर घालून बघायची, बोटानं खूण करायची आणि मगच कात्री लावायची. नेसल्यावर दंड बरोबर निऱ्यांच्या पोटात जायचा. वरून बघणाऱ्याला लुगडं अखंड. गल्लीतली वच्छलाबाई म्हणायची, "बायने, तुजा दंड घरधन्यालाबी सापडायचा न्हाई गं." आणि बायनाबाई दातानं दोरा तोडत म्हणायची, "सापडला तर मला सांग. मी उसवून फिरून घालते."

तानुबाई ही तिची सून, सासूला आत्या म्हणायची. तानुबाईचं रोजचं हिरवं लुगडं अर्धं तिच्या स्वतःच्या लग्नातलं होतं आणि अर्धं बायनाबाईचं. एक हिरवा पोपटाकडं झुकणारा, दुसरा लिंबाच्या पाल्याकडं. दंड घातला तेव्हा तानुबाई नवी होती, लाजत होती. बायनाबाई म्हणाली, "अर्धी तू, अर्धी मी. आता भांडण झालं तर कुटं जाशील?"

ही हकिगतही तशीच जोडलेली आहे. तिचाही एक भाग कापलेला आहे.

कापलेला भाग

दिनकररावाच्या रानात कापसाची शेवटची वेचणी होती. बाया गाठोडी घेऊन वजनाला पुढं गेल्या. तानुबाईची ओंजळभर बोंडं राहिली होती म्हणून ती मागं थांबली. कापसाची पऱ्हाटी डोक्याएवढी होती. दिनकररावाचा थोरला पोरगा बांधावरून खाली उतरला.

इथं कापलं.

इथं जोडलं.

तानुबाई ओढ्याच्या कडेनं घराकडं येत होती. वेचलेला कापूस रानातच राहिला होता आणि तिला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी विसरून आलो. तिच्या तोंडात रक्ताची चव होती. ते तिचं रक्त नव्हतं. ती त्याच्या मनगटाला चावली होती.

घर

तानुबाईचा नवरा पंडित तेव्हा ऊसतोडीला गेला होता. त्या वर्षी बायनाबाईला हिवतापानं धरलं होतं, म्हणून सुनेला तिच्याजवळ ठेवून तो भावासोबत गेला होता. घरात दोघीच.

बायनाबाईनं तिच्याकडं एकदाच बघितलं आणि दाराला कडी लावली. वच्छलाबाई मागच्या दारानं आलीच. तिला गल्लीतलं सगळं आधी कळायचं. ती म्हणाली, "आदी अंघूळ घाल तिला. लुगडं चुलीत घाल. झालं गेलं."

"लुगड्याला हात लावू नको," बायनाबाई म्हणाली.

"अगं, इटाळाचं हाय ते."

"असू दे. माज्या माहेरच्या गावी एका पोरीचं असंच झालतं. घरच्यांनी लुगडं धुतलं अन् वाळत घातलं. ठाण्यात मंग इचारलं, काय हाय तुमच्यापशी? काय दाखविणार? दोरीवरलं लुगडं?"

घरात बिनदंडाचं लुगडं एकच होतं, बायनाबाईचं, सणाचं. ते तिनं तानुबाईला नेसवलं. हिरवं लुगडं तिनं धुतलेल्या धोतरात बांधलं. ती स्वतः दोन दंडांचं नेसलेली होती, तशीच निघाली. यष्टीत तिनं ते गाठोडं मांडीवर धरलं होतं, तान्हं लेकरू धरावं तसं. तानुबाई खिडकीकडं तोंड करून बसली. उतरताना बायनाबाई म्हणाली, "तुला काय म्हणायचं ते तू म्हण. न्हाई म्हणता आलं तर हे लुगडं म्हणंल."

ठाणं

तालुक्याच्या ठाण्यात सटवाजी नावाचा जमादार होता. पोट सुटलेला, पेन्शनीला आलेला, हळू लिहिणारा. त्यानं तानुबाईला फार प्रश्न विचारले नाहीत. लुगडं उघडायला लावलं, दोन माणसं पंच म्हणून बोलावली आणि लुगडं आधी सावलीत दोरीवर टाकलं. शिपाई ते उन्हात न्यायला लागला तसा जमादार म्हणाला, "उन्हात डाग मरतेत, बाबा. अन् ओलं बांधलं तर कुजतेत. ऱ्हाऊ दे हितंच."

तोवर दोघी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आल्या. डॉक्टरनं तपासलं. कागदावर लिहिलं की बाई विवाहित असल्यानं निश्चित मत देता येत नाही. हे त्यांना फार पुढं कळलं.

परत आल्या तेव्हा लुगडं सुकलं होतं. दोन शिपायांनी ते पडवीत दोन टोकांनी धरलं होतं. तानुबाई खांबाला टेकून बसली होती. तिला वाटलं, आपल्यालाच तिथं आडवं धरलं आहे.

जमादारानं फाटलेली जागा बघितली. डाग बघितले. मग बोट सरकवत सरकवत दंडापाशी आला. लिहिण्यासाठी पेन उचललं.

"जमादार भाऊ," बायनाबाई म्हणाली. "एक इनंती हाय."

"बोला मावशी."

"त्यो दंड तेवढा लिवू नका."

"कामून?"

"कोर्टात समदं मोठ्यानं वाचतेत म्हणं." स्वतःच्या अंगावरचं दोन दंडांचं लुगडं तिनं मुठीत धरलं. "लोक म्हणतेल, सासू सुनेला दंडाचं नेसविते. त्याचं काई न्हाई, म्हणू द्या. पर दिनकररावाचे माणसं हसतेल. म्हणतेल, दंडाचं नेसणारीच्या वाऱ्याला तरी आमचं पोरगं उबं ऱ्हाईल का? तिला भिकारीण करतेल, भाऊ. चांगल्या घरची हाय ती."

पंचांमध्ये ठाण्यासमोरचा दुकानदार बन्सीधर होता. दर दोन-चार दिवसांनी पंच म्हणून सही करायची त्याला सवय होती. तो हसून म्हणाला, "लिवा ना जमादार, नवं म्हणून लिवा. सरकारच्या कागदात तरी गरिबाला नवं लुगडं मिळू द्या."

जमादारानं जरा विचार केला. तो दुष्ट माणूस नव्हता. कोर्टाच्या पायऱ्या त्यानं पुष्कळ झिजवल्या होत्या आणि तिथं काय टिकतं हे आपल्याला कळतं असं त्याला वाटत होतं.

"तसंबी मावशी, जुनं म्हणलं की वकील म्हणतो, विरलेलं व्हतं, आपोआप फाटलं. नवं असलं तर फाटणं झटापटीचं ठरतंय. तुमच्या सुनेच्या फायद्याचंच हाय."

आणि त्यानं मोठ्यानं म्हणत लिहिलं:

*…एक नऊवारी लुगडे, रंग हिरवा, काठ तांबडे, नवे. निऱ्यांच्या जागी अंदाजे वीतभर फाटलेले. याखेरीज लुगड्यास कोठेही जोड, शिवण अगर ठिगळ नाही…*

तानुबाईनं हे ऐकलं. त्या सगळ्या दिवसात तिला बरं वाटलं ते त्या एका घटकेला. आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी मागितलं आणि ते मिळालं. जमादारानं लुगडं कागदात गुंडाळलं, वर कापड बांधलं, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या घेतल्या, लाख वितळवून गाठीवर शिक्का दाबला. लाखेचा वास पडवीभर पसरला. बायनाबाई म्हणाली, "आता कुनी हात लावायचा न्हाई ना?"

"मोहर मोडल्याबिगर न्हाई."

जमादार खरं बोलत होता. औरंगाबादला पोचेपर्यंत मोहर कोणीच मोडली नाही.

कापलेल्या भागाच्या अलीकडं आणि पलीकडं

पंडित पाडव्यानंतर आला. त्याला फडातच कळलं होतं. त्यानं तानुबाईला मारलं नाही, टाकलंही नाही. नुसतं तिच्या हातचं पाणी घ्यायचं बंद केलं. तहान लागली की स्वतः उठायचा, रांजणातून तांब्या बुडवायचा, उभ्यानंच प्यायचा. जेवण बायनाबाईनं वाढलेलं खायचा.

बायनाबाई एकदा त्याला म्हणाली, "अरे, तिनं काय केलं?"

पंडित म्हणाला, "म्या कुटं काय म्हणलं? दिनकररावाचं पोरगं म्हणतंय ती खोटी हाय. ही म्हणती त्यो खोटा हाय. लुगडं गेलंय ना औरंगाबादला तपासायला? बगू ना लुगडं काय म्हणतंय."

तानुबाई आतून ऐकत होती. तेव्हापासून ती वाट बघायला लागली ती निकालाची नाही, लुगड्याची. शेण सारवताना, दगडावर कपडे आपटताना, तिला ते गाठोडं दिसायचं. लाखेची मोहर, आत अंधार, अंधारात तिचं आणि आत्याचं अर्धं अर्धं लुगडं घडी घालून पडलेलं. सगळं त्याला माहीत होतं. त्यानं फक्त सांगायचं होतं.

लुगड्यानं सांगितलं.

फार उशिरानं, पण सांगितलं. परभणीला सरकारी वकिलानं त्यांना बोलावून घेतलं. वकील तरुण होता, त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि तो एका हातानं भजी खात होता. तो म्हणाला, "कागद आला. चांगला आला. लुगड्यावर जे डाग पाहिजे होते ते आहेत. आणि रक्त आहे. तुमचं नाही, बाई. तुमचा गट वेगळा. हा आरोपीचा गट. तुम्ही चावलात म्हणालात ना? मोहर शाबूत, डाग शाबूत. दवाखान्याचा कागद कच्चा आहे, बघणारं कोणी नाही. पण लुगडं पक्कं आहे. आता सगळं लुगड्यावर."

पंडित दारात उभा होता. त्यानं ऐकलं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो ओट्यावर बसला आणि आत न बघता म्हणाला, "पानी आन गं."

तानुबाईनं तांब्या भरला. तो काठोकाठ भरला होता, म्हणून बायनाबाईनं खालून आधार दिला. दोघींनी मिळून तो तांब्या उंबऱ्यापर्यंत आणला. पंडितनं घेतला, प्याला, रिकामा तांब्या परत तिच्या हातात दिला. एवढंच. तानुबाई चुलीपाशी जाऊन बसली आणि किती तरी वेळ तो रिकामा तांब्या तिनं खाली ठेवला नाही.

दोन कागद

औरंगाबादहून आलेल्या कागदाच्या शेवटी डागांचं आणि रक्ताचं लिहिलेलं होतं. सरकारी वकिलानं शेवट वाचला. सुरुवातीला, तपासायला काय आलं, त्याचं वर्णन होतं. ते वाचायची त्याला गरज वाटली नाही. दिनकररावानं दिलेल्या वकिलानं सुरुवातीपासून वाचलं.

पंचनामा: *कोठेही जोड, शिवण अगर ठिगळ नाही.*

तपासणीचा कागद: *दोन भिन्न हिरव्या छटांच्या तुकड्यांचे, मध्यावर हाताने शिवून जोडलेले.*

दोन्ही कागद एकाच फाइलीत, मागं-पुढं पडून होते. एक नवं लुगडं आणि एक दंडाचं लुगडं. सही-शिक्क्यानिशी दोन्ही.

कोर्ट

तारखा पडत गेल्या. एकदा जजसाहेब रजेवर, एकदा आरोपी आजारी. एकदा नामांतराच्या मोर्चामुळं शहर बंद होतं, यष्ट्या अडवल्या होत्या. त्या दोघी मोंढ्याच्या बाजारापर्यंत चालत आल्या आणि बंद दुकानांकडं बघून परत फिरल्या. शेवटी साक्षीला उभं राहायची तारीख आली.

सरकारी वकील म्हणाला, "घाबरू नका. आता कायदा बदललाय. असल्या खटल्यात दार लावून घेतात. बाहेरचं कोणी आत नसतं. तुम्हाला एखादं घरचं माणूस जवळ हवं असेल तर मी साहेबांना विचारतो."

"आत्या पायजेत," तानुबाई म्हणाली.

"नक्की? तशी त्यांची साक्ष लागणार नाही म्हणा. त्यांनी काही बघितलेलं नाही."

"आत्या असल्या तरच मला बोलता येईल."

साहेबांनी परवानगी दिली. दार लावलं. बायनाबाई दाराजवळच्या बाकावर बसली. तानुबाईनं तिचंच सणाचं लुगडं नेसलं होतं. आरोपी पिंजऱ्यात होता. त्याच्या मनगटावर आता काहीही नव्हतं, घड्याळाचा पट्टा होता.

सगळं सांगून झालं. कापलेला भागही तिनं सांगितला, दार लावलेल्या त्या खोलीत, खालच्या मानेनं. तो तिथंच राहू दे. मग गाठोडं आलं. साहेबांनी औरंगाबादची मोहर बघितली, जुन्या चिठ्ठीवरच्या पंचांच्या सह्या बघितल्या आणि गाठ सोडायला सांगितली.

कारकुनानं लुगडं टेबलावर पसरलं. नऊ वारांचं लुगडं त्या टेबलावर मावेना, एक टोक खाली लोंबलं. आणि मधोमध, खिडकीतून येणाऱ्या उन्हात, अंगावर कधी कोणालाही न दिसलेला बायनाबाईचा दंड उघडा पडला. एका अंगाला पोपटी, दुसऱ्या अंगाला लिंबाचा हिरवा, मधे मुंग्यांची ओळ जावी तशी बारीक शिवण. बाकावर बायनाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

*हे लुगडं ओळखता का?* सरकारी वकिलानं विचारलं.

व्हय. माजं हाय.

*कशावरून ओळखता?*

तानुबाईला वाटलं, आता आली आपली पाळी. ती पुढं झाली. डागांकडं तिनं बघितलं नाही. तिनं दंडावर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच मान वर करून बोलली.

ह्या दंडावरून. आमच्या आत्याचा हात हाय ह्यो. असा दंड दुसऱ्या कुनाला येत न्हाई.

सरकारी वकील फाइल चाळायला लागला. का, ते तिला कळलं नाही. पण पान उलटणारं त्याचं बोट एका जागी थांबलं आणि मग त्यानं वर बघितलंच नाही.

दुसरा वकील उठला. तो वयानं मोठा होता, आवाज मऊ होता. तो तिला वहिनी म्हणाला.

*वहिनी, दंड म्हणजे हा जोड ना?*

व्हय.

*त्या दिवशी अंगावर होतं, तेव्हाही हा दंड होता?*

व्हता. लय आदीचा हाय.

*म्हणजे लुगडं नवं नव्हतं.*

न्हाई.

*पंचनामा झाला तेव्हा तुम्ही तिथंच होतात?*

पडवीत व्हते.

*मग वाचून दाखवतो.* त्यानं वाचलं. नवे. कोठेही जोड नाही, शिवण नाही, ठिगळ नाही. प्रत्येक 'नाही'पाशी तो जरा थांबला. *वहिनी, ठाण्यात दिलं ते अखंड लुगडं. औरंगाबादला पोचलं ते जोडाचं. मधे कुठंतरी बदललं असेल, नाही का?*

न्हाई. हेच व्हतं.

*तुमच्या घरात बिनजोडाचं लुगडं आहे?*

हाय. एक.

*कोणतं?*

तिनं स्वतःच्या अंगाकडं बघितलं. हे. पर हे आत्याचं हाय. हिरवं न्हाई हे.

*बरं. मग हे टेबलावरचं लुगडं खरं, असं तुम्ही म्हणता. तर पंचनामा खोटा?*

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. तानुबाईला पडवी आठवली, लाखेचा वास आठवला, बन्सीधरचं हसणं आठवलं. तिनं बाकाकडं बघितलं.

बायनाबाई उभी राहिली होती. "साब," ती म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं. दंड लिवू नका म्हणून म्याच —"

"बाई, खाली बसा," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही.

"माजं ऐका तर खरं. दंड म्या घातला, म्याच लपविला —"

"खाली बसा. तुम्ही साक्षीदार नाही."

सरकारी वकील उठला. म्हणाला, या बाईंची साक्ष घ्यायची परवानगी द्यावी, अर्ज देतो. मऊ आवाजाचा वकील म्हणाला, "साहेब, बाई सकाळपासून इथं बसून प्रत्येक शब्द ऐकतायत. साक्षीदाराला बाहेर ठेवतात ते कशासाठी? आता त्यांना जे सांगायची गरज आहे ते त्या सांगतील."

साहेबांनी बायनाबाईकडं बघितलं, तानुबाईकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "अर्ज द्या," ते सरकारी वकिलाला म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. पण इथं बसून सगळं ऐकलेल्या माणसाच्या शब्दाला किती वजन देता येईल, ते तुम्हीच सांगा मला."

सरकारी वकील खाली बसला. अर्ज त्यानं दिला नाही.

*वहिनी,* मऊ आवाजाचा वकील म्हणाला, *उत्तर राहिलं.*

तानुबाईला आत्याला वाचवायचं होतं आणि लुगड्यालाही. दोन्ही धरायला तिच्याकडं एकच वाक्य होतं आणि ते खरं होतं.

आत्यांनी सांगितलं, म्हून जमादारानं तसं लिवलं.

*म्हणजे ठाण्यात तुमच्या सासूबाईंनी सांगितलं तसं लिहिलं गेलं.*

व्हय.

*तेवढंच, का बाकीचंही?*

तिला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, काय बाकीचं?

*काही नाही. झालं माझं.*

काठ

सटवाजी जमादार पुढच्या तारखेला उभा राहिला. त्याला विचारलं, पंचनामा बरोबर आहे का. तो म्हणाला, लिहिलंय तेच बरोबर आहे. लुगडं समोरच होतं. त्यानं त्याच्याकडं बघायचं टाळलं. नंतर बाहेर पाण्याच्या टाकीपाशी त्याची आणि बायनाबाईची गाठ पडली. तो म्हणाला, "मावशी, खोटा पंचनामा केला म्हणलो असतो तर माजी पेन्शन गेली असती."

"व्हय भाऊ," बायनाबाई म्हणाली. "तुमी तर आमच्या फायद्याचंच लिवलं व्हतं."

तिनं टोमणा मारला नव्हता. ती तसंच समजत होती. जमादार टाकीचा नळ सोडून नुसताच हात धूत राहिला.

निकालाच्या दिवशी सरकारी वकिलानं त्यांना जिन्यात गाठलं.

"लुगडं बाद झालं," तो म्हणाला.

"बाद म्हंजे?"

"म्हणजे धरलं नाही. जप्त केलेलं आणि तपासलेलं लुगडं एकच आहे, असं मानता येत नाही म्हणले. मोहर शाबूत असून उपयोग नाही. आणि ठाण्यातलं लिहिणं घरच्यांच्या सांगण्यावरून झालं, हे बाईंनीच कबूल केलं म्हणले. मग नुसत्या बाईंच्या शब्दावर…" त्यानं वाक्य सोडून दिलं. "सुटला तो."

"अन् लुगडं?" बायनाबाईनं विचारलं.

"अपिलाची मुदत संपली की नष्ट करतील."

"आमाला मिळंल?"

"काय करणार त्याचं आता?"

पंडित खालच्या पायरीवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, मागच्या वेळी ऐकलं तसंच. यष्टीत तो पुढच्या बाकावर बसला. घरी आल्यावर तो रांजणापाशी गेला, तांब्या बुडवला आणि उभ्यानं पाणी प्याला.

तानुबाई त्याला म्हणाली, "तुमाला तर म्हाईत हाय ना, लुगडं माजं हाय ते? तुमी बगितलंय ना अंगावर?"

आख्ख्या घरात, आख्ख्या गावात, त्या दंडाची खूण ओळखणारा तो तिसरा माणूस होता. पंडितनं तांब्या रांजणाच्या झाकणावर पालथा ठेवला.

"कोर्ट म्हणलं, न्हाई," तो म्हणाला. "मी कोन?"

दसरा झाला तसा ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक गावात आला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायनाबाईचा ताप केव्हाच गेला होता, कोर्टाच्या तारखाही संपल्या होत्या, तानुबाईला घरी ठेवायला काहीच कारण उरलं नव्हतं. तिनं ताटवाट्या बांधून ठेवल्या होत्या. ओट्यावर बसून मुकादमानं नावं घेतली. पंडितचं नाव आलं तेव्हा पंडित म्हणाला, "माजा अर्धा धरा."

"अर्धा? अन् बाई?"

"अर्धा," पंडित म्हणाला.

ट्रक गेला. तानुबाईनं बांधलेलं सोडलं, ताटं जागेवर लावली. कापूस फुटला तसं बायाबायांत बोलणं सुरू झालं, कुणाच्या रानात जायचं. गावात वेचणीला बोलावणारं मोठं रान एकच होतं. पहिले काही दिवस दोघी गेल्या नाहीत. मग पीठ संपलं, आणि गेल्या. बायनाबाई सुनेच्या अगदी मागच्या तासात, कापसाच्या ओळीत, चालायची. तिला कमी दिसायला लागलं होतं, बोंडं सुटायची, पण ती तास सोडायची नाही.

वेचणीत वाकून वाकून तानुबाईचं लुगडं मधे गेलं. उन्हात धरलं तर पलीकडचं दिसायला लागलं. दुपारी सावलीला बसल्या की बायनाबाई ते दोन बोटांत धरून बघायची, कुठून कापायचं, कुठं जोडायचं याची तिची बोटं आपोआप खूण करायची. मग ती हात मागं घ्यायची. सुई-दोऱ्याची तिची डबी देवळीत होती. ती तिनं उघडली नाही. वच्छलाबाई आपलं लुगडं घेऊन आली, तिलाही तिनं परत पाठवलं. डोळे गेलेत म्हणाली.

तानुबाई विरलेलंच नेसत राहिली. निऱ्या दाट घेतल्या की फारसं कळत नसे.

एके दिवशी भाकरी सोडताना बायनाबाईनं विचारलं, "तानू, दंड माजा चांगला व्हता ना गं?"

"चांगला व्हता, आत्या."

"नेसल्यावर दिसत नव्हता."

"न्हाई दिसत."

"मंग," बायनाबाई म्हणाली आणि भाकरीकडं बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं परत तेच विचारलं. तानुबाईनं परत तेच सांगितलं. पलीकडच्या बांधावरून दिनकररावाचा थोरला पोरगा वजनाला चला म्हणून हाक देत होता. बाया उठल्या. तानुबाईनं आत्याच्या गाठोड्यात आपल्यातला थोडा कापूस टाकला, दोन्ही गाठोडी उचलली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.